फ्रिजच्या दाराचे बटण

सोमवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी शकील बागवान कर्वेनगरमधल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि दातांनी वायर सोलत होते. वायर सोलण्याचा चिमटा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. गेली चाळीस वर्षे तो तिथेच असतो. वेळ त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ चार वाजून दहा मिनिटे दाखवत होते. सव्वाअकराला वर्ग सुरू व्हायचा होता. सहापैकी पाच वाद्ये जोडून झाली होती.

बंगल्याच्या फाटकावर ‘मतिमंद मुलांची कार्यशाळा’ अशी पाटी आहे. मधल्या काळात सरकारने शब्द बदलला, संस्थेने आपली पत्रके बदलली, पाटी राहिली. आत येणाऱ्या ‘मुलां’मध्ये सर्वांत धाकटा चोवीस वर्षांचा आहे आणि सर्वांत थोरले दत्तोबा त्रेपन्न वर्षांचे. दत्तोबा पाच वर्षांनी निवृत्त होतील, असे संस्था चालवणाऱ्या मंदाकिनीबाई पाहुण्यांना सांगतात आणि हसत नाहीत. पाहुण्यांनाही मग हसता येत नाही.

दुपारी इथे औषधांच्या दुकानांसाठी कागदी पाकिटे होतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी संगीताचा वर्ग असतो. त्यात गाणे कोणी शिकवत नाही. दत्तोबांसमोर तिपाईवर मोटारीच्या मागच्या बंपरमधला सेन्सर बसवलेला आहे. गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की जो ओरडतो, तो. दत्तोबांचा हात जवळ गेला की सूर चढतो, लांब गेला की उतरतो. दत्तोबा बोलत नाहीत. ते हात हलवतात, आणि बाजूच्या बंगल्यातल्या वकिलांच्या मते जरा जास्तच हलवतात. चांदपुढे आठ बटणांची पेटी असते. सगळ्यांच्या वायरी एका डब्यात जातात. डब्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक आहे. तो आवाज काढतो, आणि कोणी किती वाजून किती मिनिटे किती सेकंदांनी काय वाजवले हे लिहून ठेवतो.

सहावे वाद्य शालूचे. तुळशीबागेतून आणलेला पोळपाट, त्याला मधोमध पाडलेले भोक आणि त्यात बसवलेले पांढरे बटण. बटण वाजले की हार्मोनियमच्या काळी चारमधला सा लागतो आणि नऊ सेकंदांत विरतो. शकीलभाईंनी वायर जोडली आणि बोटाने बटणावर तीनदा टकटक केले. तीनदा सा आला. त्यांनी मान हलवली. कोणतीही वस्तू ते अशीच तपासतात. तीन टकटक, एक मान.

*

शकीलभाई एकसष्ट वर्षांचे आहेत. वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता. थोरल्या मुलाने आंबा हाताळावा अशी वडिलांची इच्छा होती; मुलाने आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या काढून त्यात रेडिओ बसवला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नऊ फूट बाय सात फुटांचे दुकान त्यांनी १९८४ साली घेतले. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले. टेपरेकॉर्डर गेले, दुकान राहिले. गल्ल्यामागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात रंगवलेली एक पाटी आहे : ‘येथे दुरुस्त केलेली वस्तू परत आल्यास दोष वापरणाऱ्याचा समजण्यात येईल.’ पाटीवर १९९४ साल आहे. वस्तू परत येत नाहीत. पाटीमुळे की दुरुस्तीमुळे, हे गिऱ्हाईक सांगत नाही.

चांद हा त्यांचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांनी धाकटा. त्याला शिकायला वेळ लागेल, असे डॉक्टरांनी त्यांच्या आईला सांगितले होते. आई म्हणाली होती, मला कुठे घाई आहे. आई गेल्यावर चांद दुकानात बसू लागला. १९९८ साली एका बिल्डरने साठ डोअरबेल तपासायला आणून दिल्या. चांदने त्या तीन दिवस तपासल्या. बिघडलेली एकही निघाली नाही. तपासून तपासून चार बिघडल्या. शकीलभाईंनी त्या चार आणि स्वतःच्या पदरच्या चार अशा आठ बेल एका लाकडी पेटीत बसवल्या, प्रत्येकीचा आवाज निराळा. त्या दिवशी चांद पहिल्यांदा एका जागी दोन तास बसला. गल्लीने मात्र ते दोन तास उभ्याने काढले.

त्याच आठवड्यात मंदाकिनीबाई संस्थेचा टेपरेकॉर्डर न्यायला आल्या. त्यांनी पेटी पाहिली, चांदला पाहिले.

“हे विकायचं आहे का?”

“नाही.”

“छान. मग अशाच आणखी पाच करा. आणि यालाही उद्यापासून पाठवा. इथे बसून दुकानाची काय शोभा वाढतेय?”

तेव्हापासून चांद कार्यशाळेत जातो आणि शकीलभाई आठवड्यातून तीनदा त्याच्या मागून जातात. दगडूशेठला संकष्टी असली की गल्लीतून गाडी निघत नाही. त्या दिवशी ते वाद्ये डोक्यावर घेऊन शनिवारवाड्यापर्यंत चालतात आणि तिथून रिक्षा करतात. पेट्या बदलल्या, बटणे बदलली, दोन वर्षांपूर्वी संगणकाचा डबा आला. आपल्या आठ बेलचे आवाज बदलायला चांद मात्र तयार नाही.

*

सव्वाअकराला वर्ग सुरू झाला. दत्तोबांनी हात उचलला. चांदने बटणे दाबायला घेतली. तो सुरुवात नेहमी उजवीकडून तिसऱ्या बटणाने करतो आणि दर वेळी मागे वळून म्हणतो, “भाईजान, वाजलं!”

“ऐकलं,” शकीलभाई म्हणतात. वर्गात हे साधारण दीडशे वेळा होते.

शालू पोळपाट मांडीवर घेऊन बसली होती. शालू तेहतीस वर्षांची, हिंजवडीची. रुंद खांदे, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. तिने उजवा अंगठा बटणावर ठेवला, दाबला, आणि तसाच ठेवला. आवाज आला नाही. पाच मिनिटे झाली, दहा झाली. बाकीचे वाजवत होते. शालू बटण दाबून बसली होती आणि एकेकाकडे बघत होती. ऑक्टोबरमध्ये बटण धरून ठेवण्याच्या या सवयीने तिने दोन बटणे मोडली होती. म्हणून शकीलभाईंनी तिसरे मजबूत बसवले होते, फ्रिजच्या दाराचे. फ्रिजचे दार लावले की दिवा विझवणारे ते बटण; लाखभर वेळा दाबले तरी मोडत नाही.

शेवटी, सगळे थकल्यावर, तिने अंगठा काढला. एक सा लागला आणि विरला.

“चला, आवरा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दारात नीरजा उभी होती. नीरजा सव्वीस वर्षांची. वर्गाचा खर्च हिंजवडीतली जी सॉफ्टवेअर कंपनी उचलते, तिच्या समाजकार्य विभागात ती काम करते. तिच्या हातात टॅब्लेट होता.

“मॅम, क्वार्टर एंड आहे. शुक्रवारी मला लिस्ट फायनल करायची आहे. सहा सीट्स आहेत आणि वेटिंगला अकरा जण. आपलं ठरलंय ना, एका सेशनला ॲव्हरेज वीस रिस्पॉन्स हवेत.”

“ठरलंय म्हणजे आपण ठरवलंय. आम्ही ऐकलंय.”

“ॲक्चुअली बाकी सगळे ओके आहेत. चांदसर तर आउटस्टँडिंग. नऊशे चाळीस.”

“ते नऊशे चाळीस आम्हीही ऐकले.”

“पण शालूचा ॲव्हरेज एक आहे, मॅम. नोव्हेंबरपासून. एक म्हणजे... आय मीन, ती एंगेजच होत नाहीये.”

हिशेब साधा होता. शालूची जागा गेली तर हिंजवडीला जाणारी गाडी बंद होणार होती, कारण त्या बाजूची ती एकटीच आणि गाडीही कंपनीचीच. गाडी बंद म्हणजे पाकिटेही बंद. शाळा अठराव्या वर्षी सुटल्यापासून पुढची चौदा वर्षे शालू घरी होती. आता पुन्हा घरी.

“शुक्रवारी या,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “आणि येताना सेल घेऊन या. आमच्या शकीलभाईंनी डिसेंबरात कबूल केलेत, ते अजून तपकीर गल्लीतून निघालेले नाहीत.”

शकीलभाईंनी संगणकाचा डबा उचलला. तो आणि पोळपाट त्यांनी पिशवीत घातला. दोष वस्तूत नसावा, अशी त्यांची समजूत होती. पण तीन दिवस हातात होते आणि वस्तू उघडून बघायला पैसे पडत नाहीत.

*

दुपारी अडीचला पोळपाट दुकानातल्या टेबलावर होता, संगणकाच्या डब्याला जोडलेला. शकीलभाईंनी तीनदा टकटक केले. तीनदा सा आला. त्यांनी वायर हलवून पाहिली, स्क्रू पाहिले, पुन्हा टकटक केले. निर्दोष.

सव्वातीनला त्यांची बायको बिलकिस जेवणाचा डबा घेऊन आली. टेबलावर जागा नव्हती. तिने डबा पोळपाटावर ठेवला.

“अजी, पोळपाट आणलात, आता लाटणंही आणा. घरी पोळ्या करायला मी एकटी कशाला हवी?”

शकीलभाई डब्याकडे बघत राहिले. चार कप्प्यांचा डबा बटणाच्या बरोबर वर बसला होता. आवाज आला नव्हता.

“उचल.”

“आत्ताच तर ठेवला.”

“उचल गं.”

बिलकिसने डबा उचलला. सा लागला.

“ठेव.”

तिने ठेवला. शांत.

“उचल.”

सा.

“तुमची तब्येत बरी आहे ना?” बिलकिस म्हणाली.

शकीलभाई खुर्चीत मागे टेकले. फ्रिजचे बटण उलटे असते. दाबले की तुटते, सोडले की जोडते. दार लावल्यावर दिवा विझतो तो त्यामुळे. हे त्यांना चाळीस वर्षे ठाऊक होते. ते वापरायचे तर आतली जोडणी फिरवून घ्यायची, हेही ठाऊक होते. ऑक्टोबरमध्ये ते राहून गेले. टकटक केली की दाबणे आणि सोडणे एका क्षणात उरकते, आणि सूर दाबल्यावर लागला की सोडल्यावर, हे कानाला कळत नाही. कळले असते ते बटण धरून ठेवणाऱ्याला. धरून ठेवणारी एकच होती आणि ती तक्रार करत नव्हती.

“पाच महिने,” ते म्हणाले. “पाच महिने ती पोरगी मुकं बटण दाबत बसली.”

बिलकिसने गल्ल्यामागच्या पाटीकडे पाहिले. मग डबा उघडला.

“जेवून घ्या,” ती म्हणाली. “दोष वापरणाऱ्याचा समजण्यात येईल.”

दुरुस्तीला सात मिनिटे लागली. फ्रिजचे बटण काढून त्यांनी सरळ चालीचे, तितकेच दणकट बटण बसवले. काढलेले खिशात टाकले, चिमट्याशेजारी.

*

बुधवारी सकाळी त्यांनी मंदाकिनीबाईंना बाजूला घेऊन सांगितले. तीन वाक्यांत सांगितले, सरावच नव्हता.

मंदाकिनीबाईंनी चष्मा वर सरकवला. “म्हणजे आम्ही पाच महिने तिच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ लिहीत होतो.”

“हो.”

“आणि प्रतिसाद आपल्या बटणाचा नव्हता.”

“हो.”

“बरं झालं कळलं. आज वीस करू, शुक्रवारी वीस करू, आणि त्या मुलीच्या हातात कागद देऊ. कोणाला काही सांगायला नको.”

सव्वाअकराला वर्ग सुरू झाला. शालूने अंगठा ठेवला, दाबला. सा ताबडतोब लागला.

शालूने हात मागे ओढला. सूर विरेपर्यंत ती पोळपाटाकडे बघत राहिली. मग पुन्हा दाबले. पुन्हा सा. तिने दत्तोबांकडे पाहिले. ते हात हलवत होते. चांदकडे पाहिले, तो म्हणत होता, “भाईजान, वाजलं!” तिने तिसऱ्यांदा दाबले, सा लागताच अंगठा काढला, पोळपाट उचलून सतरंजीच्या बाहेर फरशीवर ठेवला आणि उठली. दाराशी गेली. दाराची कडी धरून उभी राहिली ती वर्ग संपेपर्यंत.

वर्ग त्या दिवशी संपला असे म्हणता येत नाही. पावणेबारा वाजले, बारा वाजले, सव्वाबारा वाजले. चांदने दाबणे थांबवले, पुन्हा सुरू केले. दत्तोबांनी हात खाली ठेवला आणि इकडेतिकडे पाहिले. कोणी काही आवरले नाही. अखेर स्वयंपाकघरातून खिचडी निवाल्याचा निरोप आला.

“म्हणजे,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, “बिघडलं होतं तोवर ठीक चाललं होतं. आपण दुरुस्त केलंत.”

त्या दिवशी शालूचे प्रतिसाद तीन भरले. आतापर्यंतचा उच्चांक.

गाडी निघायच्या आधी शालूच्या आई सोजरबाई आल्या. मंदाकिनीबाईंनीच बोलावले होते. सोजरबाईंच्या कुटुंबाची हिंजवडीत शेती होती. आता तिथे काचेची इमारत आहे आणि उरलेल्या चार गुंठ्यांवर त्यांची स्वतःची पाच मजली. त्यातल्या खोल्यांत कंपन्यांमधली साठ मुले-मुली राहतात आणि सोजरबाई त्यांची खानावळ चालवतात. शुक्रवारचे सगळे ऐकून त्या बाकावर बसल्या.

“घरी काय करंल वो ती? जिन्यात बसंल. समद्यास्नी तिला वलांडून जावं लागतं.”

“घरी काही वाजवते का? काही दाबते?” शकीलभाईंनी विचारले.

“दाबती की. लिफ्टचं बटन. त्याचाच तर कुटाणा झाला.”

“काय झालं?”

“सकाळी साडेआठला समदी पोरं हापिसला निघत्यात. शालू खाली लिफ्टमधी हुबी ऱ्हायची, दार उघडं ठिवायचं बटन धरून. वर न्हाय, खाली न्हाय. येक जण आला, धरून. दुसरा आला, धरून. पोरं बोंबलायची, आवं मावशी, आमची बस जाईल. म्यां म्हनलं, शालू, सोड की गं. सोडत न्हाय.”

“मग कधी सोडायची?”

“समदी आत आली की.” सोजरबाईंना त्यात सांगण्यासारखे काही वाटले नव्हते. “मागं कुनी ऱ्हायलं न्हाय ना, त्ये बघायची जिन्याकडं. मंग सोडायची. शेवटी आमच्या मालकांनी त्या बटनावर पत्र्याची पेटी ठोकली. तवापासनं जिन्यात बसती.”

शकीलभाईंनी खिशात हात घातला. चिमट्याशेजारचे बटण चाचपले.

“सोजरबाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी लिफ्टचं इचारलं कुटं, शकीलभाऊ?”

*

गुरुवारी शकीलभाईंनी दुकानात गिऱ्हाईक घेतले नाही. डब्याने लिहिलेल्या नोंदींची, प्रत्येक वर्गाची शेवटची दोन-तीन पाने त्यांनी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. एकशे बारा पाने झाली. बिघाड शोधताना ते एका वेळी एकच गोष्ट बघतात. त्यांनी प्रत्येक दिवसाच्या फक्त शेवटच्या दोन ओळी बघितल्या आणि पट्टी ठेवून लाल पेनाने अधोरेखित केल्या.

नोव्हेंबर ते मार्च, कालचा सोडून त्रेपन्न वर्ग. शालूच्या नावावर रोज एक ओळ. कधी अकरा बावन्न, कधी अकरा एकोणपन्नास, एकदा बारा वाजून चार. वेळ रोज निराळी. पण तिची ओळ एक्कावन्न दिवशी सर्वांत शेवटची होती. तिच्या आधीची ओळ बहुतेक चांदची, कारण चांद शेवटी थकतो. दोन ओळींमधले अंतर चार सेकंद, सात सेकंद, कधी अकरा. दोन दिवस अपवाद निघाले. एका दिवशी वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी शालूनंतर दत्तोबांची एक ओळ होती. मंदाकिनीबाईंना फोन करून विचारले तेव्हा त्यांना आठवले की दत्तोबा सेन्सरसमोर शिंकले होते.

म्हणजे ती बटण दाबून गप्प बसत नव्हती. सगळ्यांचे होईपर्यंत धरून ठेवत होती. सगळ्यांचे झाले की सोडत होती. सा तिने सोडल्यावर लागत होता, कारण बटण चुकीचे होते.

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी सरळ बटण काढले आणि फ्रिजचे पुन्हा बसवले. उलटी जोडणी उलटीच ठेवली. यालाही सात मिनिटे लागली. बिलकिसने पाहिले.

“सोमवारी जे काढलं, तेच ना हे?”

“तेच.”

“शिकाऊ असताना तरी असं करत नव्हता तुम्ही.”

*

शुक्रवारी नीरजा दहा मिनिटे आधी आली. तिने चार सेल आणले होते आणि ते मंदाकिनीबाईंच्या टेबलावर ठेवले. शकीलभाईंनी एकशे बारा पाने तिच्यासमोर ठेवली. लाल रेघा दाखवल्या. लिफ्टचे सांगितले.

नीरजाने पाने उलटली. “काका, को-इन्सिडन्स असू शकतो.”

“असू शकतो. म्हणून तुम्हीच बघा. तुम्ही खूण कराल तेव्हा मी शालू सोडून बाकी पाचांच्या वायरी काढतो. एकदम शांत होईल. ती लगेच सोडते की नाही ते बघा.”

वर्ग सुरू झाला. शालूने अंगठा दाबला आणि ठेवला. अकरा एकतीसला नीरजाने बोट वर केले. शकीलभाईंनी पाच वायरी उपटल्या. खोली शांत झाली.

शालूने अंगठा काढला नाही.

दहा सेकंद, वीस सेकंद. शकीलभाईंचा अंदाज चुकला होता. नीरजाने सहानुभूतीने त्यांच्याकडे पाहिले, आणि ते त्यांना आवडले नाही.

“भाईजान, लाईट गेली,” चांद म्हणाला. पण दाबायचे त्याने थांबवले नव्हते. डावीकडून दुसरे, तिसरे, पुन्हा दुसरे. आवाज येत नव्हता, बोट चालू होते. शालू त्या बोटाकडे बघत होती. दत्तोबांनी हात मांडीवर ठेवला. तिने दत्तोबांच्या हाताकडे पाहिले आणि पुन्हा चांदच्या बोटाकडे. चाळीस सेकंद झाले. चांदने सुस्कारा टाकला, दोन्ही हात बगलेत घातले आणि म्हणाला, “जाऊ दे.”

शालूने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. दाराकडेही पाहिले, तिथे नीरजा उभी होती, टॅब्लेटवर बोट ठेवून. शालू थांबली. नीरजाच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. तिने बोट उचलले.

शालूने अंगठा काढला. सा लागला. नऊ सेकंद कोणी हलले नाही.

“चला, आवरा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच थांबल्या. “पण बारा वाजायला अजून वेळ आहे. मी तर रोज घड्याळ बघून सांगते.”

“घड्याळ बंद आहे बाई,” शकीलभाई म्हणाले. “डिसेंबरपासून.”

मंदाकिनीबाईंनी भिंतीकडे पाहिले. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.  

नीरजा बाकावर बसली. “ठीक आहे, मी बघितलं. पण मॅम, माझ्या शीटमध्ये रिस्पॉन्स काउंट आहे. एक म्हणजे एकच राहणार.”

“नीरजा, तबलजी शेवटची तिहाई एकदाच घेतो. म्हणून त्याला घरी पाठवतात का?”

“मला नाही माहीत, मी तबला ऐकत नाही.” तिने थोडा विचार केला. “काका, ती किती वेळ धरून होती, ते मिळेल? ड्युरेशन?”

डबा दाबल्याची वेळही लिहितो आणि, वेगळ्या यादीत, सोडल्याचीही. ती दुसरी यादी आजवर कोणी वाचली नव्हती, आणि शालूच्या बाबतीत दोन्ही याद्यांची नावे उलटसुलट पडली होती. शकीलभाईंनी कागदावर वजाबाकी केली. सरासरी सदतीस मिनिटे बारा सेकंद. चांदचा अंगठा, बोटे सगळे मिळून नऊ मिनिटे.

नीरजाने नवा रकाना काढला. “आणि आधीच्या महिन्यांना रिमार्क लागेल. का कमी दिसलं त्याचा. मी ‘डिव्हाइस फॉल्ट’ लिहू?”

मंदाकिनीबाईंनी शकीलभाईंकडे पाहिले. ‘निरीक्षणाचा अभाव’ असे लिहिले तरी चालले असते. दोष मग मंदाकिनीबाईंचा झाला असता आणि त्यांनी तो हू की चू न करता घेतला असता.

“लिहा,” शकीलभाई म्हणाले. “दोष दुरुस्त करणाऱ्याचा.”

“ओके. आणि फॉल्ट रेक्टिफाय झाला?”

“झाला. सोमवारी.”

“म्हणजे आता नाहीये.”

“आता आहे. काल परत घातला.”

नीरजाने त्यांच्याकडे पाहिले, टॅब्लेटकडे पाहिले, आणि त्या रकान्यात ‘यस’ टाकले.

*

कंपनीचे उत्तर मंगळवारी दुपारी आले. दोन ओळींचे होते. सहाही जागा पुढच्या तीन महिन्यांसाठी कायम; त्यानंतर पुन्हा आढावा घेतला जाईल. लिफ्टबद्दल त्यात काही नव्हते. मंदाकिनीबाईंनी सोजरबाईंना फोन केला. “बरं झालं,” सोजरबाई म्हणाल्या आणि मागे कोणाला तरी पोळ्या मोजून वाढायला सांगितल्या.

शकीलभाई त्या दिवशी सव्वाचारला कार्यशाळेत गेले, वर्ग नसताना. भिंतीवरचे घड्याळ उतरवून त्यांनी नीरजाचा सेल घातला आणि वेळ लावली. मग बोटाने काचेवर तीनदा टकटक केले. तेवढ्यावर ते निघणार होते, पण खुर्चीत बसले आणि काटा पूर्ण एक मिनिट फिरेपर्यंत बघत राहिले.

दुकानातली पाटी जागच्या जागी आहे. बिलकिसने विचारले होते, उतरवायची का. ते म्हणाले, राहू दे, तीस वर्षांत एकच वस्तू परत आली, आणि ती मीच आणली.

उद्या बुधवार. गाडी आठ वाजून वीस मिनिटांनी हिंजवडीत सोजरबाईंच्या दाराशी येते. त्या वेळी गावात येणाऱ्या बसेसची रांग लागलेली असते, पण गावाबाहेर जाणारा रस्ता मोकळा असतो. कार्यशाळेच्या दारामागे वेळापत्रक चिकटवलेले आहे. बुधवारच्या ओळीत संगीताचा वर्ग सुरू होण्याची वेळ ११.१५ अशी छापली आहे. संपण्याची वेळ ११.५५ होती, ती पेनाने खोडून मंदाकिनीबाईंच्या अक्षरात ‘शालू’ असे लिहिले आहे.